तीन शेपट्यांचं विमान

बोगमाळोला समुद्रात डुंबायला जाणारे बहुतेक जण वाटेतलं नौदलाचं विमान संग्रहालय गाडीच्या काचेतूनच बघतात. आम्ही मालवणहून खास त्यासाठी निघालो. सोबत आबाकाका. जन्म गेला होडीवर, त्यामुळे विमानांचं त्यांना फारसं अप्रूप नाही.

१९९८ साली सुरू झालेलं हे संग्रहालय दाबोळी विमानतळाला खेटूनच आहे. आत युद्धनौकांच्या प्रतिकृती आहेत, शस्त्रं आहेत. ते भराभर उरकलं. खरी मजा बाहेर, आवारात.

सी हॉक या नौदलाच्या जुन्या लढाऊ विमानाला काकांनी एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्याचो धूर खंयसून भायर पडता रे?" प्रश्न रास्त होता. जेट असूनही शेपटाला भोक नाही. वाकून पाहिल्यावर उलगडा झाला: इंजिनाचा झोत दुभंगून पंखांच्या मुळाशी दोन्ही अंगांना बाहेर पडतो, त्यामुळे मागच्या भागात इंधनाला जागा मिळते. शेपटाखालचा आकडा युद्धनौकेवर उतरताना डेकवरच्या दोरात अडकवायचा. ४ डिसेंबर १९७१ रोजी 'विक्रांत'वरून उडालेल्या सी हॉकनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. त्यांच्या सोबतीची अलिझे विमानं पंख्याची, तीन माणसांची, पाणबुड्या हुडकणारी. मला तीच जास्त आवडली. चाकांच्या फुगीर कोशात पुढच्या बाजूला पाण्यात टाकायची श्रवणयंत्रं असत, आणि पोटातलं रडार हवं तेव्हा खाली सोडता येई.

काकांचा जीव मात्र रंगात. ॲल्युमिनियमचा गंज तांबूस नसतो. रंगाला फोड येतात आणि खाली पांढरी भुकटी धरते. खारा वारा आणि वर कोकणातला पाऊस! "दर वर्साक रंग मारूक व्हयो," काका म्हणाले. डागडुजी एकदा करून भागत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको.

मग सुपर कॉन्स्टेलेशन. चार इंजिनं, माशासारखं बाकदार अंग आणि तीन शेपट्या. एकच उंच शेपूट ठेवली असती तर त्या काळच्या हँगरच्या दारातून हे धूड आत गेलं नसतं. मूळचं हे एअर इंडियाचं. कंपनीने या जातीच्या विमानांना 'राणी' म्हणून नावं दिली होती. पुढे ते वायुदलात गेलं, तिथून नौदलात, आणि सागरी टेहळणी करत म्हातारं झालं.

याच जातीच्या एका विमानाची दाबोळीतली गोष्ट मी काकांना सांगितली. १८ डिसेंबर १९६१ रोजी आपल्या कॅनबेरा विमानांनी इथल्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं तेवढी वाचली. त्यातलं एक सुपर कॉन्स्टेलेशन. रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा थोडा भाग घाईघाईने दुरुस्त केला आणि अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना घेऊन दोन्ही विमानं कराचीला निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

काकांनी विमान या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखलं. "ह्या एवढा? अर्ध्या पट्टीवरसून?" आणि पहिल्यांदाच खिशातून मोबाईल काढून फोटो काढला.

जायचं तर सकाळी जा, दुपारी आवारात ऊन मी म्हणतं. सोमवारी बंद असतं.