पद्मिनी विकणे आहे, पण केवढ्याला?

"विंटेज कार, सिंगल ओनर, चालू कंडिशन, किंमत फिक्स." प्रीमियर पद्मिनीच्या अशा जाहिराती हल्ली सारख्या दिसतात, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हापासून तर गोठ्यात पडलेल्या गाडीलाही लोक वाट्टेल ते मागतात. मित्रांनो, मागितलेली किंमत म्हणजे विकली गेलेली किंमत नाही, तीच जाहिरात महिनोन् महिने तशीच दिसत असेल तर काय ते समजून जा.

माझा हिशोब उलटा असतो. नीट केलेली तशीच गाडी कितीला जाते ते बघायचं आणि त्यातून कामाचा खर्च वजा करायचा. विकणारा सगळं इंजिनवर बोलतो, पण १०८९ सीसीचं ते इंजिन कुठलाही जुना मेकॅनिक उघडून बसवेल, टॅक्स्यांमुळे त्याचे पार्ट अजून मिळतात. खरा पैसा पत्र्यात जातो. या गाडीला वेगळी चेसी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार घेते, म्हणून दाराखालचा पत्रा, फ्लोअर आणि जॅक लावायची जागा सडली असेल तर नुसत्या डेंटिंग-पेंटिंगने भागत नाही. फोटोत हे कधीच नसतं, तुम्ही मागून घ्या, मॅट उचलून काढलेले. प्रत्यक्ष गेलात की खिशात चुंबक ठेवा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मी तर ताज्या चकचकीत रंगापेक्षा उन्हाने उडालेला मूळ रंग जास्त पैसे देऊन घेईन, कारण त्याखाली काय आहे ते दिसतं तरी. ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या, एम्ब्लेम, मीटर हे मूळचं जागेवर असेल तर त्याचे पैसे जरूर द्या, ते शोधताना फार दमछाक होते.

आणि कागद! आरसीवरचे इंजिन नंबर, चेसी नंबर गाडीशी जुळले पाहिजेत, मालक वारला असेल तर वारसांची कागदपत्रं हवीत, नाहीतर माझ्या लेखी ती स्पेअर पार्टच्याच भावाची. "विंटेज" शब्दाला भुलू नका, २०२१ च्या केंद्राच्या नियमात विंटेजला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे नव्वदीतली पद्मिनी त्यात बसतच नाही आणि १९७४ ची बसली तरी विंटेज म्हणून नोंदवल्यावर रोज ऑफिसला नेता येत नाही. विकणाऱ्या काकांशी भांडू नका मात्र, गाडी त्यांच्या वडिलांची असते, खर्चाचा कागद शांतपणे समोर ठेवा आणि आपला आकडा सांगा.