उणे २८ डीबीएम आणि ‘सर, लाइन ओके आहे’

‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे’ हा मेसेज वाचायला नेट लागत नाही, एवढाच त्याचा गुण. निराकरण झालेलं नसतं. तक्रारीचं तिकीट मात्र बंद झालेलं असतं.

फायबर कनेक्शन घेताना काही अडलं नाही. कागदपत्रं, खांबावरून वायर ओढणं, डबी बसवणं हे सगळं झटपट झालं. अडलं ते पाऊस लागल्यावर. गोव्यात फोंडा तालुक्यात कुळागराच्या (माड-पोफळींच्या बागेच्या) कडेला घर, वायर माडांमधून आलेली. पाऊस पडून गेला की व्हिडिओ कॉल तुटायचा, बँकेचं पान अर्ध्यावर थांबायचं. आणि हेल्पलाइनचा प्रश्न ठरलेला: ‘सर, लाल लाइट लागलीय का?’ नाही म्हटलं की ‘मग लाइन ओके आहे.’

या प्रश्नातच सगळा घोळ आहे. आपण ज्याला राउटर म्हणतो त्या डबीचं खरं नाव ओएनटी. तिच्यावर पॉन आणि लॉस असे दोन दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा असला की डबी आणि एक्स्चेंजमधलं यंत्र, म्हणजे ओएलटी, एकमेकांशी जोडलेले आहेत. लॉस लाल झाला की फायबरमधून प्रकाश येतच नाही, किंवा इतका थोडा येतो की डबीला तो ओळखता येत नाही. मधल्या अवस्थेसाठी दिवाच नाही. प्रकाश येतो पण अशक्त, काही पॅकेट (माहितीचे तुकडे) चुकीची पोचतात, ती पुन्हा मागवावी लागतात आणि वेग कोसळतो. पॉन हिरवाच राहतो. हेल्पलाइनच्या स्क्रीनवरही ‘ऑनलाइन’ दिसतं. पुढे कुणी पाहतच नाही.

पाहायचा असतो तो आकडा घरबसल्या दिसतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, काही डब्यांना १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१००.१ लागतो. पत्ता, नाव आणि पासवर्ड बहुधा डबीच्या खालच्या स्टिकरवर असतात. ‘स्टेटस’मध्ये ‘पॉन’ किंवा ‘ऑप्टिकल’ नावाच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे डबीत पोचणारा प्रकाश, दिसेल. एकक डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप), आकडा नेहमी उणे. उणे १५ ते उणे २५ असेल तर बिनघोर राहा. उणे २७ म्हणजे काठ. जीपॉन (घरोघरी फायबर पोचवायची रूढ पद्धत) वापरणाऱ्या घरगुती डब्यांची क्षमता साधारण उणे २८ च्या आसपास संपते. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात ठेवलं की आकडे बोलू लागतात. आमच्याकडे कोरड्या दिवशी उणे २१ आणि पावसानंतर उणे २८. सात डीबी गेले, म्हणजे उरला जेमतेम पाचवा हिस्सा. हे फोनवर सांगितल्यावर पलीकडून उत्तर आलं, ‘सर, अठ्ठावीस म्हणजे एकवीसपेक्षा जास्तच आहे ना?’

म्हणून आकडा फोनवर सांगू नका. पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसू द्या, आणि तक्रार ॲपमधून किंवा ईमेलने करा. कोरड्या दिवसाचा एक आणि पावसानंतरचा एक, असे दोन हवेतच. एकट्या आकड्यावरून ‘लाइन लांब आहे हो’ म्हणून वाटेला लावता येतं. फरक दाखवला की तसं म्हणता येत नाही. लांबीने होणारा तोटा पावसाने बदलत नाही, आणि तोही किलोमीटरला अर्ध्या डीबीहून कमी असतो.

तंत्रज्ञ येतो तो बहुधा ऊन पडल्यावर. मीटर लावतो, आकडा चांगला दिसतो, ‘लायट येता मरे, आनी कितें जाय?’ (लाइट येतेय ना, आणखी काय हवं?) म्हणतो आणि निघतो. त्याचं चुकत नाही. त्या वेळी लाइट चांगलीच असते. भेट पाऊस पडून गेल्यावर लगेच मागा, आणि तसं तक्रारीत लिहा: ‘दोष फक्त पावसानंतर दिसतो, त्याच वेळी मोजणी करावी.’ त्याचं मीटर १४९० नॅनोमीटरवर लावलेलं आहे ना, तेही बघा. जीपॉनमध्ये घराकडे येणारा प्रकाश त्याच तरंगलांबीचा असतो, जाणारा १३१० चा. मोजणी दोन ठिकाणी करून घ्या, घरातल्या टोकाला आणि खांबावरच्या पेटीत. दोन्हीकडे वाईट असेल तर दोष पेटीत किंवा तिच्या मागे. पेटीत चांगलं आणि घरात वाईट असेल तर मधल्या ड्रॉप केबलमध्ये.

ड्रॉप केबलचे दोष ठरलेले आहेत. माडाचं चुडत (झावळी) पडून ताणलेली वायर. भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दाबलेली, किंवा कपाटामागे चेपलेली (तीन सेंटिमीटर त्रिज्येहून घट्ट वळण देऊच नये). क्लिपचा खिळा जास्त ठोकलेला. तंत्रज्ञाकडे लाल प्रकाशाचं पेन असतं, ते टोकाला लावलं की मोडलेल्या जागी वायरीतून लाल उजेड पाझरतो. काळ्या जाड आवरणाच्या केबलमध्ये मात्र तो दिसत नाही. कनेक्टर हिरवा असेल तर समोरचाही हिरवाच हवा. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. दोघांची जोडी लावली की मध्ये फट राहून प्रकाश वाया जातो. टोक बोटाने किंवा सदऱ्याने पुसू नका, आणि डोळ्यासमोर तर धरूच नका. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही पण इजा करू शकतो.

आमचा दोष निघाला पेटीत. झाकण नीट बसलेलं नाही, आत पाणी, आणि मुंग्यांनी संसार मांडलेला. सांधा यांत्रिक, म्हणजे दोन टोकं नुसती एकमेकांसमोर चिमटीत धरलेली. पाणी शिरलं की तिथेच नुकसान. फ्यूजन मशीनने टोकं वितळवून जोडल्यावर असा सांधा साधारण ०.१ डीबीच्या आतच खातो, म्हणून ‘फ्यूजन स्प्लाइस करा’ असं शब्दशः लिहून मागा. नुसतं ‘जॉइंट नीट करा’ म्हटलं तर टेप गुंडाळली जाते. पेटी खांबावर झाकण वर करून टांगलेली असेल तर उलटी करून घ्या, वायर खालून आत जाऊ दे.

तिथपर्यंत पोचायला तिकिटांच्या भाषेत बोलावं लागतं. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की तिकीट ‘स्लो स्पीड’ या खान्यात जातं, त्यावर स्पीड टेस्ट मागतात आणि आपोआप बंद करतात. ‘लो ऑप्टिकल पॉवर, पॅकेट लॉस, फील्ड व्हिजिट हवी’ असं लिहिलं की ते दुरुस्ती विभागाकडे जातं. पॅकेट लॉस दाखवणं सोपं आहे. संगणकाच्या कमांड खिडकीत आधी डबीच्या पत्त्याला शंभर पिंग (उत्तर येतं का ते तपासणारे छोटे संदेश) द्या, मग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला शंभर. पहिल्यात एकही गळत नसेल आणि दुसऱ्यात पाच-दहा गळत असतील, तर दोष घराच्या बाहेर. पहिल्यातच गळत असतील तर वायफाय तपासा, कंपनीला फोन करू नका.

प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, मिळालाच पाहिजे. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनी तो बंधनकारक केला आहे. तोंडी ‘नोंद घेतली’ म्हणजे काही नाही. तिकीट परस्पर बंद केलं तर नवी तक्रार नोंदवू नका, जुना नंबर देऊन तीच पुन्हा उघडायला लावा. नव्या नंबराबरोबर दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू होते, आणि दुरुस्ती लांबली तर भाड्यात सूट मागायची असते ती याच मोजणीवर.

तरीही झालं नाही तर अपील. फी नाही. डॉकेट नंबर लागतो, मुदत ३० दिवस, आणि अपील प्राधिकरणाने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्याचा ईमेल आणि फोन कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, बहुतेक अगदी तळाशी, बारीक अक्षरात. राज्यांच्या यादीत गोवा शोधत बसू नका. दूरसंचाराच्या नकाशात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये आहे आणि मुंबई वेगळं सर्कल आहे; ‘मुंबई’ निवडलंत तर अर्ज फिरत राहील. वाद कुणाशी आहे हेही पाहून घ्या. वायर ओढणारा स्थानिक माणूस बहुधा फ्रँचायझी असतो. बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे, तीच जबाबदार.

ट्रायला पत्र लिहून उपयोग नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, कंपनीकडे पाठवतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. दूरसंचाराचे वाद तिथे चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि सेवेसाठी आपण भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. माझं काम अपिलाच्या ईमेलवरच झालं. स्क्रीनशॉट जोडले होते, हेल्पलाइनला न कळलेला उणे २८ तिथे बरोबर कळला.

हे आधी सांगायला हवं होतं: वेगाची तक्रार करण्याआधी मोजणी केबल लावून करा, वायफायवर नाही. आपल्याकडची चिऱ्याची जाड भिंत ५ गिगाहर्ट्झचं वायफाय गिळून टाकते. २.४ चं थोडं पुढे जातं, पण वेग कमी आणि शेजाऱ्यांच्या डब्यांची गर्दी जास्त. केबल कॅट ५ई किंवा त्यावरची हवी, आठही तारा जोडलेल्या. चारच तारा असतील, किंवा डबीचं पोर्ट जुन्या धाटणीचं असेल, तर ३०० च्या प्लॅनवरही स्पीड टेस्ट ९४ च्या आसपास अडकते. ९४ दिसलं की कंपनीला शिव्या देऊ नका, केबल बदला.

आणि १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२ एमबीने उतरत असेल तर सगळं ठीक आहे. प्लॅन बिटमध्ये असतो, फाइल बाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा.

वेग फक्त रात्री नऊच्या सुमारास पडतो, पहाटे पूर्ण मिळतो आणि आरएक्स पॉवर दोन्ही वेळा तीच, असं असेल तर वर सांगितलेलं काही लागू नाही. ती गर्दी आहे. जीपॉनच्या एका पोर्टवरचे अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि त्यामागची लाइनही सामाईकच. जाहिरातीतला ‘पर्यंत’ हा शब्द याचसाठी असतो. तंत्रज्ञाला घरी बोलावून काही निघत नाही. तक्रारीत दोन्ही वेळांच्या मोजण्या द्या आणि ‘कंजेशन’ हा शब्द वापरा. महिन्याच्या शेवटीच मंद होत असेल तर आधी एफयूपी (पूर्ण वेगाच्या डेटाची मर्यादा) संपली का ते ॲपमध्ये बघा.

घरात कुणी तारवटी (बोटीवर नोकरीला) असेल आणि बोटीवरून घरचे कॅमेरे बघायचे असतील, तर कनेक्शन घेतानाच विचारा: सीजीनॅट, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला, आहे का? डबीच्या पानावर वॅन आयपी (डबीचा कंपनीकडच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट घरच्या कॅमेऱ्याशी जोडणं, चालणार नाही. एक तर कंपनीच्या क्लाउडवरून चालणारा कॅमेरा घ्या, नाहीतर जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (आपल्या एकट्याचा, न बदलणारा पत्ता).

वीज गेली म्हणून नेट जायलाच हवं असं नाही. जीपॉनच्या वाटेतल्या, प्रकाश घराघरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही आणि एक्स्चेंजला बॅकअप असतो, त्यामुळे डबीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की काम चालू राहतं. डबीच्या ॲडॉप्टरवर किती अँपिअर लिहिले आहेत ते बघून घ्या, यूपीएस तेवढ्याचा किंवा जास्तीचा. गडगडाट सुरू झाला की ॲडॉप्टर भिंतीतून काढा. फायबरमधून वीज येत नाही, ती येते सॉकेटमधून.