हेडसेटचा घोळ: ३४ की ४४?

साताऱ्याजवळच्या येवतेश्वरचा घाट उतरताना सायकलचं हँडल मधोमध टक् करून अडकायचं. पावसाळ्यापासून हेच चाललेलं आणि मी उगाच टायरच्या नावाने बोटं मोडत होतो. रविवारी पुढचा चिमटा (चाक धरणारा फोर्क) खाली काढून हेडसेट उघडला, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती वरखालची बेअरिंगं आणि त्यांच्या वाट्या. खालच्या बेअरिंगचे छर्रे तांबडेलाल, ग्रीसचा पत्ता नाही आणि रेसवर (छर्रे फिरतात त्या कड्यावर) एकेका छर्र्याचा खळगा उमटलेला. सरळ चालवताना छर्रे त्याच जागी दणके खातात, म्हणून अडकायचं तेही बरोबर मधेच. कासच्या रस्त्यावरचं पाणी चाक उडवतं तेही थेट तिथेच.

खरा गाढवपणा पुढेच. चिमट्याची फ्रेममधून वर हँडलपर्यंत जाणारी दांडी मोजली, २८.६ मिमी, म्हणजे १⅛ इंची. तेवढ्यावर हेडसेट मागवला. आलेला कप, म्हणजे बेअरिंगची वाटी, हेडट्यूबमध्ये (फ्रेमच्या पुढच्या नळीत) खुळखुळ्यासारखा वाजायला लागला! व्हर्नियर आत घातला तर भोक ४४ मिमी, कप ३४चा. दांडी तीच असली तरी भोक वेगळं असू शकतं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

आता खोक्यावरचा कोड वाचता येतो. ईसी ३४/२८.६ म्हणजे वाटी फ्रेमच्या बाहेर दिसणारी, भोक ३४, दांडी २८.६. झेडएस ४४/२८.६ म्हणजे वाटी आत गेलेली, बाहेर फक्त कड. आयएसमध्ये वाटीच नाही, बेअरिंग सरळ फ्रेममध्येच बसते. दांडी खाली जाड होत गेलेली असेल तर वरचा आणि खालचा कोड वेगवेगळा. बाबांच्या काळ्या सायकलीचं प्रकरण निराळं: दांडीला आटे, वर लॉकनट, दोन पाने लागतात. तिला मी हात लावत नाही, बाबाही लावू देत नाहीत.

झेडएस आल्यावर पहिली वाटी लाकूड धरून हातोडीने ठोकली. तिरकी गेली. मग हार्डवेअरमधून १२ मिमीचा आट्यांचा रॉड, दोन नट आणि जाड वॉशर आणले. नट हळूहळू आवळला, वाटी सरळ आत गेली. या प्रेसला शंभर गुण.

ॲडजस्टमेंटला मात्र दोनदा फसलो. स्टेमचे (हँडल दांडीला जोडणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट घट्ट ठेवून वरची टोपी पिळत बसलो, झोल (ढिलेपणा) काही जाईना. टोपी फक्त बेअरिंगवर ताण देते, हँडल धरून ठेवतात ते स्टेमचे बोल्ट. ते ढिले केले, टोपी जेमतेम आवळली, मग बोल्ट घट्ट. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली, झोल नाही.

काल बोगद्यापासून येवतेश्वरला जाऊन आलो. हँडल लोण्यासारखं फिरतंय. ३४चा सेट नवाकोरा पडून आहे, कुणाच्या हेडट्यूबचं भोक ३४ असेल तर सांगा.