लकव्याचं कारण शोधताना

लकवा उजव्या बाजूला मारला. वेळेत लातूरला पोचलो म्हणून बोलणं परत आलं, हातही बराच सुटला. कारण मात्र सापडेना. बीपी, शुगर आटोक्यात. मानेच्या नसांचा डॉपलर, टू-डी इको, 24 तास ठोके नोंदवणारा होल्टर, सगळं नॉर्मल. पाव्हण्यांनी कारणं भरपूर काढली, त्यात नजरही आली.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, ठोके मधूनच अनियमित होत असतील. तेव्हा हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत जाते. पण हे रोज होत नाही, एका दिवसात कसं सापडावं?" छातीत लूप रेकॉर्डर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, बसवू म्हणाले. किंमत ऐकून पोरगा गप्पच झाला.

मग संशयावरच रक्त पातळ करायची जोराची गोळी द्या की, मी म्हणालो. तर तेही करून झालंय. 2018 आणि 2019 च्या दोन मोठ्या चाचण्यांत अशा रुग्णांना त्या गोळ्या दिल्या. ॲस्पिरिनपेक्षा लकव्याचे झटके काही कमी झाले नाहीत, एकीत तर रक्तस्राव वाढला. उलट 2014 च्या अभ्यासात रेकॉर्डर बसवलेल्या 12.4 टक्के लोकांत वर्षभरात ही गडबड सापडली, नेहमीच्या तपासण्यांत 2 टक्क्यांतच. पटलं. विमावाल्यांना पटायला मात्र डॉक्टरांची दोन पानी चिठ्ठी लागली.

बसवणं किरकोळ. छातीच्या डावीकडे जागा बधिर केली, पेनाच्या टोपणापेक्षा लहान यंत्र कातडीखाली सरकवलं, संध्याकाळी घरी.

खरी कसरत पुढं. उशाशी एक मॉनिटर ठेवायचा. तो रात्री नोंदी मोबाइल नेटवर्कवरून दवाखान्यात पाठवतो. आमच्याकडं औसा तालुक्यात रेंज खिडकीपाशीच, म्हणून बाज तिकडं ओढली. लाइट गेली तरी नोंद यंत्रात राहते, नंतर जाते. धडधडलं की दाबायला वेगळं बटणही दिलं होतं. मी ते मोप दाबलं. दरवेळी ठोके सरळ! बायको म्हणे, "आता भांडण झालं तरी दाबताल."

आणि एक दिवस दवाखान्यातूनच फोन. "गुरुजी, काल पहाटे काही जाणवलं?"

"नाही बा. झोपलो होतो."

त्याच झोपेत बराच वेळ ठोके बिघडले होते. आता कारण सापडलं, म्हणून ॲस्पिरिन बंद झाली, रक्त पातळ करायची जोराची गोळी अपिक्सॅबॅन सुरू. सकाळ-संध्याकाळ, न चुकवता. दात काढायचा तर आधी सांगायचं, गुडघा दुखला म्हणून मेडिकलवरून मनानं गोळी आणायची नाही, मधूनमधून किडनीची तपासणी. यंत्र अजून आतच आहे; बॅटरी तीनेक वर्षं चालते म्हणाले. बटण बायकोनं कपाटात ठेवलंय.