ऑप्शन्स, एएमटी आणि आमचा डिसेंबर

"हातात दमडी आली नाही, मग कर कसला?" बाबांनी पुण्याहून फोनवर विचारलं, तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. आदल्या डिसेंबरात नवऱ्याने इथल्या, अमेरिकेतल्या स्टार्टअपमधले ऑप्शन्स एक्सरसाइझ केले होते, म्हणजे फार पूर्वी ठरलेल्या स्वस्त भावाने शेअर घेतले होते. कंपनी खाजगी, त्यामुळे ते विकायला बाजारच नव्हता. तरी घेतलेला भाव आणि त्या दिवशीचा भाव यांतला फरक एएमटी नावाच्या करासाठी उत्पन्नात धरला गेला आणि एप्रिलमध्ये कर भरावा लागला. पुण्यातल्या फ्लॅटसाठी साठवलेले पैसे त्यात गेले.

अमेरिकेत कर दोनदा मोजतात. एकदा नेहमीच्या पद्धतीने आणि एकदा एएमटीच्या, म्हणजे पर्यायी किमान कराच्या. दुसऱ्या मोजणीत बऱ्याच वजावटी चालत नाहीत, एक मोठी सूट मिळते आणि उरलेल्या रकमेवर २६ किंवा २८ टक्के लागतात. दोन्हींत जो आकडा मोठा, तो भरायचा. १९६९ साली संसदेसमोर आलं की दोन लाख डॉलरहून जास्त उत्पन्न असलेल्या १५५ जणांनी एक पैसाही आयकर भरला नव्हता. त्यांच्यासाठी हा कायदा सुरू झाला. पण त्यातली सूट महागाईबरोबर आपोआप वाढत नव्हती, म्हणून पगार वाढत गेले तसे साधे नोकरदार त्यात सापडू लागले. संसद अधूनमधून तात्पुरतं ठिगळ लावायची. २०१२ची सूट तर २ जानेवारी २०१३ला, वर्ष उलटल्यावर, ठरली. त्याच कायद्याने ती कायमची महागाईशी बांधली. वर्ष संपेपर्यंत नियमच माहीत नसताना लोकांनी नियोजन कसं केलं असेल, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता आकडे आधीच कळतात. २०२६चे ऑक्टोबर २०२५मध्येच जाहीर झाले. जोडप्याची सूट १,३७,००० वरून १,४०,२०० डॉलर झाली. मला वाटलं, एएमटी न लागता ऑप्शन्स घ्यायला आपल्याला ३,२०० डॉलरची जादा जागा मिळाली. मग मी वही घेऊन बसले.

समजा, दोघांचा मिळून पगार २,४०,००० डॉलर आहे, दुसरं उत्पन्न नाही आणि साधी प्रमाणित वजावट घेतली आहे. २०२५मध्ये ऑप्शन्सवरचा सुमारे ३४,४०० डॉलरचा फरक एएमटी न लागता खपत होता. २०२६मध्ये तेवढ्याच पगारावर सुमारे ३५,३५० खपतो. वाढ जेमतेम ९०० डॉलरची! कारण महागाईमुळे नेहमीच्या कराचे टप्पे आणि प्रमाणित वजावटही सरकतात, नेहमीचा कर कमी होतो आणि दोन मोजण्यांमधलं अंतर पुन्हा आटतं. पगार तीन टक्क्यांनी वाढला तर जागा ३४,५०० वर येते, म्हणजे २०२५एवढीच. महागाईची ही दुरुस्ती आपल्याला आहे तिथे टिकवून ठेवते, एवढंच तिचं काम. मैत्रिणी म्हणतात, "पुढच्या वर्षी सूट वाढेल, तेव्हा करू." मी त्यांना हीच वही दाखवते.

ज्यांचं उत्पन्न एखाद्या वर्षी दहा लाख डॉलरच्या पुढे जाईल, त्यांनी जास्त जपायला हवं. जोडप्याची सूट कमी होऊ लागण्याची मर्यादा २०२५मध्ये १२,५२,७०० होती. २०२६पासून ती १०,००,००० वर आली, आणि वरच्या प्रत्येक डॉलरमागे सूट २५ऐवजी ५० सेंटने घटते.

कंपनीचे शेअर बाजारात विकता येत असतील, तर ऑप्शन्स डिसेंबरऐवजी जानेवारीत एक्सरसाइझ करणं मला शहाणपणाचं वाटतं. मग भाव बघायला अख्खं वर्ष मिळतं. तो पडला तर ३१ डिसेंबरच्या आत शेअर विकता येतात. मग एएमटीसाठी तो कागदावरचा फरक धरावा लागत नाही, फक्त प्रत्यक्ष झालेल्या नफ्यावर नेहमीचा कर लागतो. भाव टिकला तर शेअर ठेवायचे आणि कराची तरतूद पुढच्या एप्रिलपर्यंत करायची.

आमचे शेअर अजूनही विकता येत नाहीत, म्हणून आम्ही तुकडे पाडलेत. एक तुकडा डिसेंबर २०२५मध्ये, त्या वर्षीच्या जागेत बसेल एवढाच. दुसरा जानेवारीत, २०२६च्या जागेत. पहिल्या वेळी भरलेला एएमटी क्रेडिट म्हणून ८८०१ क्रमांकाच्या फॉर्मवर थोडाथोडा परत मिळतोय. तो पुण्याच्या खात्यात वेगळा ठेवते, आणि दर वर्षी किती जमला ते बाबांना फोन करून सांगते.