निळ्या पाण्याकाठचा खोकला

ऑर्लँडोच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखे एवढेच, की रांगा लांब होत्या आणि पिण्याचे पाणी महाग होते. हे लिहायला बसले आहे ते फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅरासोटाजवळच्या सिएस्टा की या बेटावर घालवलेल्या जेमतेम तासाभरासाठी. ऑगस्ट २०१८ मधली, तेथल्या समुद्रात ‘रेड टाइड’ म्हणजे विषारी शैवालाचा बहर आलेला असतानाची गोष्ट. भाचीच्या हौसेखातर आम्ही तेथे घर भाड्याने घेतले होते, आणि समुद्राविषयी काहीबाही ऐकू येते आहे, असे तिने फोनवर विचारले तेव्हा घरमालकाने ‘थोडा वास येतो, बाकी काही नाही’ असे सांगून विषय संपवला होता.

किनारा सुंदर आहे, यात वाद नाही. वाळू जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झची, तांदळाच्या पिठासारखी पांढरी, आणि भर उन्हातही पायांना न भाजणारी. पाणी निळे-हिरवे, लाटा बेताच्या, वारा थेट समुद्रावरून येणारा. गाडीतून उतरून वाळूत थोडे पुढे गेलो तोच माझा घसा खवखवू लागला. माझ्या यजमानांना दम्याचा त्रास आहे. त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की ते खालीच बसले. मग भाचीला ठसका लागला, मग मला. मागे वळून पाहिले, तर किनाऱ्यावर जी तुरळक माणसे होती ती सगळीच खोकत होती. एका वृद्ध बाईंनी तोंडावरचा रुमाल न काढता समुद्राकडे बोट दाखवले आणि ‘हवेतच आहे ते, परत फिरा’ एवढेच सांगितले.

भरतीच्या रेषेवर मासे पडले होते. माझे बालपण मालवणात गेले असल्याने मेलेला मासा पाहून बिचकण्याचे कारण नव्हते. पण येथे शिंगाळे, बोय, वाम अशी एकमेकांशी संबंध नसलेली जात न् जात शेजारी शेजारी पडलेली होती. जाळ्याचा ओरखडा नाही, गळाची जखम नाही. एका बोयीचे कल्ले सवयीने काडीने उचकून पाहिले, तर ते अजून लाल होते. म्हणजे ती नुकतीच मेली होती. पलीकडे मुखपट्ट्या बांधलेली माणसे दाताळ्यांनी माशांचे ढीग ओढत होती. कुजल्याचा वास होताच, परंतु खोकला त्या वासाचा नव्हता. ज्याने खोकला येतो त्याला रंगही नसतो आणि वासही नसतो.

आम्ही रस्त्यापलीकडच्या एका उपाहारगृहात शिरलो. तेथील बाईंनी दार घट्ट लावून घेतले, यजमानांना खुर्ची दिली आणि न मागता पाण्याचे तांबे आणून ठेवले. गिऱ्हाईक नसलेल्या त्या जागेइतका अगत्याचा पाहुणचार मला त्या प्रवासात अन्यत्र मिळाला नाही. “मावशी, हे बघ,” म्हणत भाचीने तेथेच मोबाइल पुढे केला. सॅरासोटाच्या मोट सागरी प्रयोगशाळेतर्फे किनाऱ्यांची रोजची स्थिती प्रसिद्ध होते: कोठे मेलेले मासे आहेत, कोठे लोक खोकत आहेत, वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे. आमच्या किनाऱ्यापुढे जे लिहायला हवे तेच लिहिलेले होते. घराचे भाडे घेणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

या रेड टाइडच्या मुळाशी असलेल्या एकपेशीय शैवालाचे नाव करेनिया ब्रेव्हिस. त्याच्या पेशीला कठीण कवच नसते, त्यामुळे किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेत ती सहज फुटते, आतले ब्रेव्हिटॉक्सिन हे विष पाण्यात मिसळते, आणि फेसाचे बुडबुडे फुटताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवर बसून ते वाऱ्याबरोबर छातीत जाते. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असता, तर त्याच पाण्याकाठी आम्ही कदाचित निवांत बसलो असतो. लिटरमागे दहा लाखांहून अधिक पेशी असल्या की बहर तीव्र समजतात. शिंपल्यांची तोडणी मात्र पाच हजारांनाच बंद करतात, कारण शिंपल्यात साठलेले हे विष शिजवल्याने जात नाही.

उपाहारगृहातील मंडळींचे मत ठाम होते: सगळा दोष ओकीचोबी सरोवराचा. त्या उन्हाळ्यात ते सरोवर निळ्या-हिरव्या शैवालाने माखले होते आणि तेथले खतमिश्रित पाणी कलूसाहॅची नदीतून मेक्सिकोच्या आखातात सोडले जात होते. राग समजण्यासारखा होता, पण हिशेब तेवढा सरळ नाही. सरोवरातील शैवाल गोड्या पाण्याचे. करेनिया खाऱ्या पाण्याचे, आणि त्याच्या बहराची सुरुवात किनाऱ्यापासून कित्येक मैल दूर, जेथे अन्नद्रव्ये मुळात कमी, अशा पाण्यात होते. ते सावकाश वाढते. अन्न भरपूर असेल तेथे झपाट्याने वाढणारे डायटम हे दुसरे सूक्ष्म शैवाल त्याला मागे टाकते. लूप करंट हा आखातातील मोठा प्रवाह फार काळ उथळ तळाला टेकून खोलातले सकस पाणी वर ढकलत राहिला, तर रेड टाइड उलट होतच नाही, असे दक्षिण फ्लॉरिडा विद्यापीठातील समुद्रशास्त्रज्ञ २०१० सालाचा दाखला देऊन मांडतात. उपाशी पाण्यात करेनियाला नायट्रोजन पुरवणाऱ्यांत ट्रायकोडेस्मियम नावाचा सूक्ष्मजीव असतो, आणि त्याला लागणारे लोह येते ते सहाराच्या वाळवंटातून अटलांटिक ओलांडून आलेल्या धुळीबरोबर. पुढे वाऱ्यामुळे तळालगतचे पाणी किनाऱ्याकडे सरकते आणि बहरही त्याच्याबरोबर येतो. माणसाचा वाटा येथून सुरू होतो: नद्यांतून, शेतांतून, सांडपाण्यातून आलेले नायट्रोजन आणि फॉस्फरस त्याला किनाऱ्यापाशी पोसत राहतात. मेलेले मासे कुजून त्यात आणखी भर घालतात. या किनाऱ्यावरील अशा मत्स्यमृत्यूंच्या नोंदी १८४० च्या दशकापासूनच्या आहेत, तेव्हा सगळे पाप खतांच्या माथी मारता येत नाही. पण म्हणून सरोवर निर्दोष ठरते, असेही नाही.

आपल्याकडे कोकणात हिवाळ्याच्या सुमारास लाटा निळ्या चमकू लागल्या, की ते पाहायला मुंबई-पुण्याच्या गाड्या धावतात. तो नॉक्टिल्युका या सूक्ष्म सागरी जीवाचा बहर. तो असे विष तयार करत नाही, परंतु पेशींत अमोनिया साठवतो, आणि दाट बहर कुजू लागला की पाण्यातील प्राणवायू संपवतो. त्या झगमगाटाची छायाचित्रे काढणाऱ्यांना हे कोणी सांगताना मला तरी आढळलेले नाही.

फ्लॉरिडातील हा बहर ऑक्टोबर २०१७ मध्येच सुरू झाला होता. जुलै २०१८ मध्ये सॅनिबेल बेटावर सव्वीस फुटी देवमुशी (व्हेल शार्क) मरून लागली, आणि १३ ऑगस्टला राज्यपालांनी सात परगण्यांत आणीबाणी जाहीर केली. म्हणजे लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते. तरीही भाड्याची रक्कम परत मागितली तेव्हा ‘हवामानावर आमचे नियंत्रण नाही’ असे उत्तर आले. दम्याचे माणूस बरोबर असेल, तर तेथे घर घेण्याआधी मालकाला समुद्र कसा आहे हे विचारू नये. वारा कोठून आहे, ते स्वतः पाहावे.

आम्ही सामान उचलून पूर्वेला, अटलांटिककडील किनाऱ्यावर गेलो आणि उरलेली सुटी तेथे काढली. ‘इकडे कसे स्वच्छ आहे’ म्हणून मी भाचीपुढे दोन-तीनदा तरी बढाई मारली असेन. ऑक्टोबरात तिचा फोन आला. लूप करंट फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून गल्फ स्ट्रीमला मिळतो, आणि त्या वाटेने करेनिया पाम बीचपर्यंत पोहोचले होते. तेथील किनारेही खोकणाऱ्या लोकांमुळे बंद करावे लागले होते. आखातातले पाणी निवळायला २०१९ उजाडले.