गोगोंना हवा असलेला दाखला

गुरुवार, रात्री

दुपारी गोगोंचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत ज्यांच्याकडे मी शिकले त्या झुलू आजींचा, निरोप आला आणि तेव्हापासून चार ओळींचे एक पत्र माझ्याच्याने लिहून होत नाही. पारंपरिक उपचारक म्हणून नोंदणीच्या कागदांना जोडण्यासाठी त्यांना माझा दाखला हवा आहे: विद्यापीठाच्या लेटरहेडवर, खाली शिक्का मारलेला, ‘या बाई संगोमा असून त्यांचे शिक्षण रीतसर पूर्ण झाले आहे’ असे सांगणारा. संगोमा म्हणजे दुखण्यामागचे कारण कौल लावून सांगणारी उपचारक. दाखल्याची ही कल्पना थोरल्या नातवाची असणार. कागदांची चळत जाड असली की काम होते, ही समजूत त्यांच्या क्वाझुलु-नाताळ प्रांतातही आपल्याइतकीच पक्की आहे.

पण दाखला देणारी मी कोण? स्वप्नांनी आणि दुखण्याने बेजार झाल्यावर गोगो आपल्या गुरूच्या घरी राहिल्या, केसांना गेरू फासून वावरल्या, पहाटे फेसाळ औषध पिऊन ओकल्या. आणि शेवटी ढोलांच्या गजरात, जमलेल्या साऱ्या गावासमोर, लपवून ठेवलेल्या वस्तू त्यांनी शोधून काढल्या. माझी डॉक्टरेटची तोंडी परीक्षा बंद खोलीत झाली आणि मध्ये चहा होता.

त्यांना कागद का हवा, हे मला कळते. नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या १८९१ च्या संहितेने मुळ्या-पाला देणाऱ्या इन्यांगाला परवाना दिला आणि दुखण्यामागचे कारण सांगणाऱ्या संगोमाला गुन्हेगार ठरवले. १९५७ च्या चेटूकविरोधी कायद्यातही भविष्यकथनाचा दावा करणाऱ्यांसाठी शिक्षा होती. संगोमा, वनौषधी देणारे, सुइणी आणि पारंपरिक शल्यकर्मी असे चार वर्ग मान्य करणारा कायदा आला तो २००७ मध्ये. ज्यांच्या व्यवसायाला इतकी वर्षे चोरासारखे वागवले, त्यांना शिक्क्याचे अप्रूप वाटले तर नवल नाही. मला मात्र त्याच शिक्क्याची लाज वाटते आहे.

लाज वाटण्याइतका मान तरी या विषयाने मला कुठे दिला, हाही प्रश्नच आहे. बढतीच्या मुलाखतीत एका ज्येष्ठांनी ‘हे आपल्याकडच्या भगतासारखंच ना?’ असे विचारले आणि सगळे हसले. मीही हसले. काळ्या आणि तांबड्या औषधांनंतर पांढरे औषध द्यावेच लागते, नाहीतर रोगी अंधारातच राहतो, हे गोगोंनी मला समजावले. त्यावरचे माझ्या प्रबंधातले प्रकरण परीक्षकांनी मानवशास्त्रज्ञ हॅरिएट न्गुबाने यांच्या झुलू वैद्यकावरच्या १९७७ च्या ग्रंथाशी ताडून पाहिले आणि ग्राह्य धरले. गोगोंचे सांगणे ताडून पाहायला मी कुणाकडे जाणार होते? घरच्यांविषयी तर आज लिहीतच नाही.

डर्बनला वॉरविकच्या उड्डाणपुलावर जो औषधी बाजार भरतो, तिथे त्यांच्याबरोबर गेले होते. इसिभाहा या औषधी झाडाची साल त्यांनी मोडली, चघळली, थुंकली आणि ‘कोवळ्या झाडाची आहे’ म्हणून विकणारणीच्या हातात परत ठेवली. जुनी झाडे सोलून सोलून संपत आली आहेत, त्यामुळे असेच होणार, असे पुढे बराच वेळ चालले होते. तोच तुकडा मी चाखला, तर मला नुसता तिखट लागला. एवढ्या जिभेच्या बळावर मी त्यांचे शिक्षण ‘रीतसर’ म्हणणार!

आणि तरी, दाखला पहिल्यांदा मागितला तो मीच. त्या गावात मला कोणी उभे करीत नव्हते, तेव्हा गोगोंनी शेजारणीला अंगणातूनच ओरडून सांगितले होते की पोरगी बडबडी आहे, पण मुळ्या बऱ्या कुटते. पुढची सगळी दारे त्या वाक्यावर उघडली. माझ्या डॉक्टरेटचे सगळ्यात उपयोगी शिफारसपत्र तेच. त्यात माझ्या विद्वत्तेविषयी अवाक्षर नव्हते, हे आता बरेच वाटते.

तेव्हा मीही तेवढेच लिहिणार आहे: या बाईंना मी संगोमा म्हणून ओळखते, लोक त्यांच्याकडे लांबून येतात, आणि मी त्यांच्याकडे शिकले. ‘रीतसर’ वगळले आहे. नातवाला पत्र फारच आखूड वाटेल. या महिनाअखेरीस मी निवृत्त होते आहे, म्हणजे त्यानंतर माझ्या सहीला तसेही कोणी विचारणार नाही. शिक्का ऑफिसातल्या भाऊंच्या कपाटात असतो आणि शुक्रवारी ते जेवणाच्या सुट्टीनंतर सापडत नाहीत, म्हणून उद्या अकराच्या आत त्यांना गाठले पाहिजे.